सगीराची टिचबटणं

पोलीस ॲक्शन होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. निजामाच्या पलटणी मोडल्या, त्यांच्याबरोबर पलटणींचे बँड मोडले आणि त्यांतली वाजवणारी माणसं वाट फुटेल तिकडं पांगली. कुणी लग्नाच्या बँडात शिरलं, कुणी चहाचं हॉटेल टाकलं. कमरोद्दीन यांनी पलटणीत असताना कधी वाजवलं नव्हतं, त्यांचं काम बाजे दुरुस्त करायचं. हत्यारांची एक पेटी घेऊन ते हैदराबादहून औरंगाबादला परत आले आणि गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटून बसले. लग्नं काही पोलीस ॲक्शननं थांबली नव्हती. जालन्यापासून वैजापूरपर्यंतचे बँडवाले त्यांच्याकडं येऊ लागले.

सगीरा त्यांची एकुलती एक मुलगी. पूर्णा जंक्शनला रेल्वेत असलेला नवरा विषमज्वरानं गेला आणि ती माहेरी आली, तेव्हा सव्वीस वर्षांची होती. हाताला काम हवं म्हणून ती अब्बांच्या पेटीतली हत्यारं पुसायला लागली. पुसता पुसता त्यांची नावं कळली, नावांवरून कामं कळली आणि दोन वर्षांत ती अब्बांच्या बरोबरीनं चाव्या खोलायला, बसवायला शिकली. हे बरंच झालं म्हणायचं, कारण त्याच सुमारास अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हातातला पेचकस दिसेना, तर स्क्रू कुठला दिसायला!

पण गिऱ्हाईक उस्तादांकडं यायचं. त्यामुळं घरात न ठरवताच एक रीत पडून गेली. अब्बा पुढच्या खोलीत बैठकीवर बसायचे. कुणी बाजा आणला की हातात घेऊन चाचपायचे, दोन-चार सूर काढायचे आणि दुखणं अचूक सांगायचे. कानाला तर मोतीबिंदू झाला नव्हता. गिऱ्हाईक गेलं की बाजा मधल्या पडद्याआड जायचा आणि सगीरा तो दुरुस्त करायची. खोटं कुणी बोलत नव्हतं. कुणी विचारत नव्हतं, एवढंच.

अशी तीन वर्षं गेली. मग एका बुधवारी सकाळी, मनमाडकडून येणाऱ्या गाडीनं लासूर स्टेशनचा कडूबा आला.

कडूबा तिशीतला, उंचापुरा, लासूरच्या बँडातला क्लॅरनेटवाला. काळजीत असला की तो वाजवत नसतानाही गाल फुगवायचा. तसे गाल फुगवूनच तो आत आला आणि कापडी पिशवीतून क्लॅरनेट काढून अब्बांच्या हातात दिला.

"चाचा, याचं काय तरी करा. वरचे सूर लई ग्वाड हायेत, पन खाली उतरलं की असं वाटतंय, कुनी गोधडीत तोंड घालून बोलायलंय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. पन आता गळ्याशी आलंय. पुढच्या बेस्तरवारी वैजापुरात लगीन हाय. नवरीकडनं वैजापूरचा बँड, नवरदेवाकडनं आमचा. आमचे कारभारी मास्तर म्हनले, तुझे खालचे सूर ऐकू आले नायत तर तू क्लॅरनेट ठेव आन झांजा घे."

अब्बांनी क्लॅरनेट तोंडाला लावला, वरून खाली सूर काढत आले आणि शेवटच्या चार सुरांना थांबले. "हवा गळते आहे. गाद्या गेल्या सगळ्या. नव्या टाकून देतो. सोमवारी ये."

पडद्याआड सगीरा हे ऐकत होतीच.

क्लॅरनेटच्या नळीला काही भोकं बोटांनी झाकायची असतात. जिथं बोट पोचत नाही तिथं चाव्या असतात आणि प्रत्येक चावीच्या टोकाला एक छोटी वाटी. त्या वाटीत बसते ती गादी: मागं पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर आणि त्याच्यावर शेळीच्या पातळ कातड्याचं गवसण. चावी दाबली की गादी भोकावर घट्ट बसते. ती बसली नाही तर हवा गळते आणि सूर मरतो. कडूबाच्या गाद्या कडक होऊन चिरल्या होत्या, एका गादीला तर किड्यांनी भोक पाडलं होतं. सगीरानं दोन दिवस बसून सगळ्या गाद्या नव्या केल्या. लाख वितळवून वाटीत सोडायची, गादी ठेवायची आणि लाख निवायच्या आत ती सपाट दाबून धरायची. मग सिगारेटच्या कागदाची पट्टी गादीखाली सरकवून चारी बाजूंनी ओढून बघायची. पट्टी सगळीकडं सारखी अडली. एक ठिपकाभर हवा कुठं गळत नव्हती.

मग तिनं फुंकून पाहिलं. सगीराला एकही गाणं वाजवता येत नव्हतं, पण सूर प्रत्येक काढता येत होता. वरचे सूर मोत्यासारखे पडले. खालचेही आले, पण तिला ते पसंत पडेनात. गळती थांबली होती, गोधडी मात्र होती तिथंच होती.

"अब्बा, खालचे चार सूर अजून दबलेले वाटतात."

अब्बांनी वाजवून पाहिलं. "आता ठीक आहे की. खाली भोकं मोठी, गाद्या मोठ्या. एवढं दबणारच. या बाज्याची तब्येतच तशी आहे."

सगीराच्या मनातून मात्र ते जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला विरजण हवं होतं. शेजारच्या वच्छलाबाईंचं अंगण आणि यांचं अंगण यांच्यामध्ये कंबरेएवढी भिंत. वच्छलाबाई ब्लाउज शिवायच्या. त्यांचं शिवणयंत्र पार आतल्या खोलीत, तरी भिंतीशी उभं राहून हाक मारली की समोरच्या दगडी भिंतीवर आपटून आवाज नेमका त्यांच्या दारात जायचा. रोजची सवय होती. त्या दिवशी सगीरानं तीन हाका मारल्या, ओ आली नाही. ती वाकून बघते तर वच्छलाबाईंनी समोरच्या भिंतीवर वर्षाच्या धुण्याच्या गोधड्या वाळत घातलेल्या.

सगीरा भिंतीवरून पलीकडं उतरली. एक गोधडी बाजूला सारली, परत आपल्या जागी येऊन उभी राहिली आणि ओरडली, "वच्छलाबाई, विरजण!"

"आले, आले!" आतून ओ आली.

सगीरा पुन्हा पलीकडं गेली, गोधडी होती तशी पसरली आणि परत येऊन ओरडली, "विरजण!" काही नाही. तिसऱ्यांदा ती गोधडी सारायला गेली तेव्हा वच्छलाबाई वाटी घेऊन दारात उभ्या होत्या.

"अगं बाई, एकदा सांगितलं की कळतंय मला. आन माझ्या गोधड्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"वच्छलाबाई," सगीरा म्हणाली, "मऊ वस्तू आवाज पिते. कडक वस्तू परत फेकते."

"बरं मग?"

"मग तुमच्याकडं टिचबटणं आहेत का? लहान-मोठी, सगळी?"

वच्छलाबाईंना विरजण आणि टिचबटणाचा संबंध लागला नाही, पण त्यांनी दोन्ही दिलं.

सगीराच्या डोक्यात आली होती ती दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. छावणीतल्या एका पेन्शनरानं सॅक्सोफोन पाठवला होता. त्याच्या एकेका गादीच्या मधोमध पितळेची चपटी चकती बसवलेली होती. तिनं अब्बांना विचारलं, तर ते म्हणाले होते, "कंपनीची हौस. विलायती माणसाला चकाकी लागते." तेव्हा तिला ते पटलं होतं. आता पटेना. गादी भोकावर बसली की नळीतला आवाज थेट तिच्या मऊ तोंडावर येतो आणि तिथंच मुरतो. वरची भोकं बारीक, त्यांच्या गाद्या टिचभर, त्या पिणार तरी किती! खालच्या चार मोठ्या गाद्या मात्र घोट घोट पीत असणार. त्यांच्या मधोमध कडक काही असलं, तर आवाज परत नळीत जाईल.

पहिल्यांदा तिनं मोठं टिचबटण घेतलं. बटणाला शिवायची भोकं असतातच. तिनं रेशमाच्या दोऱ्यानं ते गादीच्या मध्यावर शिवलं, गाठ मागं पुठ्ठ्यावर घेतली आणि सगळं लाखेत बसवलं. फुंकल्यावर बदक ओरडावं तसा आवाज आला. वच्छलाबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय कापलंस गं?" चूक सगीराच्या लगेच ध्यानात आली. बटण भोकाच्या काठावर टेकत होतं, त्यामुळं भोवतालचं कातडं बसतच नव्हतं. झाकायचं काम कातड्याच्या काठाचं. बटणानं त्याच्या वाटेत येता कामा नये, भोकाच्या आत राहिलं पाहिजे.

मग तिनं बारीक बटणं घेतली, भोकापेक्षा बरीच लहान. चारही गाद्यांना शिवली. कागदाची पट्टी पुन्हा चारी बाजूंनी फिरवली. आणखी एक फायदा तिच्या नजरेला आला. बटणानं मधलं कातडं ताणून धरल्यामुळं ते भोकात फुगून उतरत नव्हतं, सपाट राहत होतं.

तिनं सगळ्यात खालचा सूर फुंकला आणि दचकून थांबली. खोलीत दुसरं कुणी बोलल्यासारखं वाटलं. पुन्हा फुंकला. गोल, भरीव, स्वच्छ सूर. गोधडी गेली होती.

नेमके त्या वेळी अब्बा दुपारच्या नमाजाला मशिदीत गेले होते. आणि नेमका त्याच वेळी कडूबा दारात आला, कारण सोमवार होता आणि त्याला परतीची गाडी गाठायची होती. सगीरानं डोक्यावरून पदर घेऊन क्लॅरनेट त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्या उभ्या फुंकून पाहिला. खालच्या सुरावर आला, थांबला, क्लॅरनेट उलटा करून भोंग्यात बघितलं.

"चाचांनी काय केलं यात?"

"काम झालंय," सगीरा म्हणाली.

कडूबा स्टेशनाकडं धावत सुटला. संध्याकाळी अब्बांना सांगायचं असं सगीरानं ठरवलं. संध्याकाळी त्यांना खोकला झाला होता. मंगळवारी पाहुणे आले. बुधवारी तिनं तोंड उघडलं आणि "मीठ कमी पडलंय का?" एवढंच विचारलं. गुरुवारी, तिकडं वैजापुरात वरात निघाली असेल तेव्हा, ती दिवसभर जिवाला घोर लावून बसली होती. धागा तुटला तर? भर वरातीत बटण नळीत पडलं तर? उस्तादाच्या नावावर तिनं परस्पर ब्लाउजची बटणं शिवून दिली होती, आणि उस्तादाला पत्ताच नव्हता.

शुक्रवारी सकाळी गल्लीत बऱ्याच पावलांचा आवाज आला. कडूबा, कारभारी मास्तर, झांजवाला फकिरा आणि आणखी दोघं. कारभारी मास्तर म्हणजे लासूरच्या बँडाचे म्होरके, बुटके आणि कडक. स्वतः कॉर्नेट, आखूड तुतारीसारखा पितळी बाजा, वाजवायचे. फकिराच्या डोक्यावर लग्नातल्या बुंदीच्या लाडवांची टोपली होती. सगीरा पडद्याआड भिंतीला टेकून उभी राहिली. 

"चाचा, जिंकलो!" कडूबा बसायच्या आधीच बोलायला लागला. "मार्केट यार्डाच्या तिकाटण्यावर दोन्ही बँड आमनेसामने आले. त्येंचे बारा, आमचे सात. त्येंनी असा दणका उडवला की कांद्याच्या गाड्यांचे बैल बुजले. मग आमची पाळी. मी म्हनलं, दणक्याला दणका नाय देयाचा. मास्तरांनी समद्यांला थांबवलं आन मी एकल्यानं खालून चाल धरली. पार खालून. चाचा, समदी वरात गप! पलीकडच्या गाडीवरचा गडी उठून उभा राह्यला. नवरीचा मामा आला आन म्हनला, ह्यो सूर कुटून यायलाय, बाजा दाव."

"मग?" अब्बांचा चेहरा फुलला होता.

"मग दावला. तवा चाव्या उचलून बघितल्या तर खालच्या गाद्यांवर चांदीच्या टिकल्या! समदे विचारायले, ह्या कशासाटी? मला काय म्हाईत? म्हनलं, उस्तादांलाच विचारून येतो. चाचा, कशाला हो त्या टिकल्या?"

"टिकल्या?" अब्बा म्हणाले.

अब्बांनी हात पुढं केला. कडूबानं क्लॅरनेट दिला. अब्बांचा अंगठा खालच्या मोठ्या चावीवर गेला, चावी उचलली आणि बोटाचं टोक गादीवरून फिरलं. ते टोक मधोमध थांबलं. पुन्हा फिरलं.

"हे तर टिचबटण आहे," ते सावकाश म्हणाले.

फकिरा फिसकन हसला. कारभारी मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं तसा गप्प झाला. अब्बांना त्या वेळी काहीही सांगता आलं असतं. विलायती युक्ती म्हणाले असते तरी त्या पाचांनी माना डोलावल्या असत्या. सगीराला वाटलं, तसंच म्हणावं त्यांनी. म्हणजे नंतर एकट्यातच काय ते रागावतील.

अब्बांनी क्लॅरनेट मांडीवर ठेवला. "सगीरा," त्यांनी हाक मारली, "इधर आ. बाहेर ये आणि यांना सांग, ही कशाला लावलीस ते."

ती बाहेर आली. पाच पुरुष तिच्याकडं बघत होते. ती खाली बसली, क्लॅरनेट हातात घेतला आणि त्याच्याशी बोलावं तसं बोलली. गादी आवाज कसा पिते, बटण तो परत कसा फेकतं, बटण भोकापेक्षा लहान का हवं, कातडं कसं ताणलेलं राहतं. वच्छलाबाईंच्या गोधड्यांची गोष्टसुद्धा सांगून टाकली. 

"म्हंजी ह्ये तू केलंस बाई?" कारभारी मास्तर म्हणाले. "आन उस्तादांनी?"

"उस्तादांनी," अब्बा म्हणाले, "तीन वर्षांत एकही चावी बसवलेली नाही. मला माझा हात दिसत नाही मास्तर, चावी कुठली दिसायला! सगळं काम हिचं. कान तेवढा माझा." मग ते सगीराकडं वळले. "पण हे बटणाचं मला पटलेलं नाही. बाज्याची तब्येत बटणानं बदलत नसते. मला ऐकायचं आहे. जुन्या साध्या गाद्या आहेत का शिल्लक?"

"आहेत."

"मग मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसतो, बाजारात. इथं खोलीत काहीही चांगलंच वाजतं. एकदा साध्या गादीनं वाजवा, एकदा बटणानं. कोणती कधी, ते मला सांगायचं नाही. तीनदा."

सगीरानं स्पिरिटचा दिवा पेटवला. एकेक वाटी शेकायची, लाख सैल झाली की गादी काढायची, दुसरी बसवायची. चार चाव्यांना चांगला अर्धा तास लागला. तेवढ्यात वच्छलाबाईंनी भिंतीवरून चहाची किटली दिली आणि त्याही खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. मघाशी बाईकडं बघावं की नाही अशा पेचात पडलेले बँडवाले आता तिच्या भोवती डोकी जुळवून बसले होते. लाख वितळताना फकिरा मध्येच म्हणायचा, "आता? आता झालं?"

अब्बा काठी टेकत कारभारी मास्तरांबरोबर गेले आणि गुलमंडीवरच्या एका कापडदुकानाच्या पायरीवर गल्लीकडं पाठ करून बसले. सकाळच्या बाजाराला ऊत आला होता. कडूबानं दारात उभं राहून खालची चाल धरली. साधी गादी. मग आत आला, बटणाच्या गाद्या बसल्या, पुन्हा तीच चाल. तिसऱ्यांदा सगीरा दिवा पेटवायला लागली तशी फकिरानं तिचा हात थांबवला.

"आपा, बदलूच नका. चाचांला फसवू. तेवढा येळ गप बसू आन तेच पुन्यांदा वाजवू."

सगीरानं डोळे मोठे केले. मग तिला स्वतःलाच हसू फुटलं. अर्धा तास सगळे चोरासारखे लाडू खात बसले आणि कडूबा तिसऱ्यांदा दारात गेला.

अब्बा परत आले तेव्हा त्यांच्या मागं तिकडची दहा-बारा माणसं होती. ते बैठकीवर बसले, काठी आडवी ठेवली.

"पहिल्यांदा साधी गादी होती. टांग्याचा घोडा खिंकाळला आणि सूर त्याच्यात बुडाला. दुसऱ्यांदा बटण. तेव्हा भांडीवाला पातेलं ठोकून दाखवत होता, तरी सूर निराळा कळला. मोठा नव्हता, पण त्याला काठ होता. साडीला असतो तसा. आणि तिसऱ्यांदा," ते थांबले, "तिसऱ्यांदा तुम्ही काहीच बदललेलं नाही. आणि कडूबा, हसत हसत वाजवायचं नसतं. सूर हलतो."

गल्लीत हशा उसळला. फकिरा लाडवाची टोपली घेऊन दाराआड लपला.

गलका जरा कमी झाल्यावर अब्बा हळू आवाजात सगीराला म्हणाले, "मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालोच असतो." त्यांनी मान हलवली. "कंपनीची हौस म्हणालो होतो ना मी? अठ्ठावीस वर्षं बाजे खोलले आणि असं म्हणालो." मग ते हसले. "बरं केलंस विचारलं नाहीस ते."

कारभारी मास्तर मात्र अजून कोड्यातच होते. "उस्ताद, एक सांगा. माझ्या कॉर्नेटचं एक दाबायचं बटन सारखं अडकायचं. तुमच्याकडं आनलं. तीनदा आनलं, तीनदा पुन्यांदा अडकलं. चौथ्या खेपेपासून आजपातुर अडकलं नाय. ते कुनी केलं?"

"चौथ्यांदा मी केलं," सगीरा म्हणाली.

"आन पहिल्या तीनदा?"

"तीन वेळा मी," अब्बा म्हणाले आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. मास्तरांच्या कडक चेहऱ्यावरसुद्धा काहीतरी हललं.

"मग आता माझं ऐक बाई," मास्तर म्हणाले. "कडूबाच्या बाज्याला समद्याच गाद्यांला बटनं लाव. वरच्या, खालच्या, एक सोडू नगंस."

"नाही लावणार."

"का?"

"वरची भोकं ज्वारीच्या दाण्याएवढी. तिथं बटण ठेवलं तर कातड्याला काठ टेकायला जागा कुठली? आणि ते सूर आधीच गोड आहेत. उगाच तिखट होतील."

मास्तरांना नाही ऐकायची सवय नव्हती. त्यांनी अब्बांकडं बघितलं. अब्बा लाडू खात होते. शेवटी मास्तर म्हणाले, "बरं. मग मंगळवारी आमचा मोठा भोंगा, युफोनियम, घेऊन येतो. तुझ्याकडं." आणि 'तुझ्याकडं' हे त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

त्या उन्हाळ्यात सगीराला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. वैजापूरचा क्लॅरनेटवाला तर शनिवारीच हजर झाला, तोंड पाडून, आणि चार टिचबटणं शिवून घेऊन गेला. कुणी एक जण "उस्ताद कुठायत?" म्हणून दारातच अडून बसायचा, तेव्हा अब्बा म्हणायचे, "मी उस्ताद, पण काम तिकडं होतं. पटत असेल तर ठेव." बहुतेक ठेवायचे. दोघं-तिघं बाजा उचलून परत गेले आणि त्यांतला एक महिन्यानं पुन्हा आला.

वैशाखाच्या शेवटी कडूबाच्या बहिणीचं, सरूबाईचं लगीन निघालं. कडूबा स्वतः आमंत्रण घेऊन आला आणि चाचांना व आपांना घेतल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणून हटून बसला. अब्बा, सगीरा आणि हौसेनं निघालेल्या वच्छलाबाई असे तिघं सकाळच्या गाडीनं लासूर स्टेशनला उतरले. कडूबाच्या आईनं, मनकर्णाबाईनं, सगीराला बायकांच्या मांडवात पुढं बसवलं, हातात नारळ दिला आणि येईल त्या बाईला सांगत सुटली, "हीच ती बटनवाली."

मग वरात निघाली. सगीरानं इतकी वर्षं बाजे दुरुस्त केले होते, पण तिच्यापर्यंत यायचा तो एकेक सुटा सूर, बंद खोलीतला, तोही दुखणाईत. लग्नाचा बँड लांबून रस्त्यावरून जाताना ऐकलेला, तेवढाच. मोकळ्या रानात, समोर उभं राहून, सगळे बाजे एकदम वाजताना तिनं कधी ऐकले नव्हते. मास्तरांचा कॉर्नेट उन्हात झळकत वर चढला. युफोनियम मागून हंबरला. फकिराच्या झांजा अंगावर आल्या. हे ती एकेक करून ओळखत होती: हा स्क्रू माझा, हा जोड माझा, ही स्प्रिंग माझी. थोड्या वेळानं तिनं ओळखणं सोडून दिलं.

मारुतीच्या पाराजवळ मास्तरांनी हात वर केला. सगळे थांबले आणि कडूबा एकटा खालून वर चढायला लागला. पहिला सूर ज्वारीच्या रिकाम्या रानावरून सरळ जाऊन रेल्वेच्या रुळांपलीकडं पोचला असावा, कारण तिकडच्या झापाशी बसलेली पोरं उठून पळत निघाली.

सगीराच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी ती हसत होती. वच्छलाबाईंनी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "माझीच बटनं ना गं ती?"

"तुमचीच!" सगीरा ओरडली.

पुरुषांच्या घोळक्यात अब्बा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, मान जराशी कलती, नेहमी ऐकताना असते तशी. पुढच्या कडव्याला सगळा बँड पुन्हा सुरू झाला तेव्हा कुणीतरी त्यांच्यावर गुलाल उधळला. त्यांनी तो पुसला नाही.